जाड मानेची खार

"हिला हात लावायचा नाही," दादासाहेब म्हणाले. "आधी खार पाडायची. मग हात."

पेटी बाजेवर उघडी ठेवली होती. आत जांभळ्या मखमलीत जर्मन रायफल. मी आणि निलोफर दोन बाजूंना उभ्या, हात पाठीमागे बांधून, कारण आमच्या हातांवर आमचाच भरवसा नव्हता.

"एक छर्रा, एक खार. जी पहिल्यांदा पाडेल ती हिला घेऊन पुण्याला जाईल. राज्य स्पर्धेला."

"आणि कुणाचीच नाही पडली तर?" निलोफरने विचारलं.

"तर माझी बंदूक माझ्याकडं. तुम्ही दोघी बसा कागद फाडत."

डाळिंबाच्या बागेत रविवारची सकाळ होती. फेब्रुवारी, १९८७. सांगोल्यापासून सहा मैलांवर.

०

थोडं मागे जाते. फार नाही.

तालुक्याच्या गावात दादासाहेब भोसेकरांचा एक रिकामं पत्र्याचं गोडाऊन होतं. तिथे रिटायर हवालदार धोंडिराम जगदाळे पोरांना नेमबाजी शिकवायचे. आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो, लष्करात म्हणतात तसं. गोडाऊन दादासाहेबांचं, छर्रे दादासाहेबांचे. क्लबच्या एअर रायफली दोन. एकीचा दस्ता तारेने बांधलेला, दुसरीची नळी डावीकडे ओढायची. त्यांच्यावर चारशेपैकी मी तीनशे बेचाळीस मारायचे, निलोफर तीनशे पंचेचाळीस. पुण्यात तीनशे पासष्टच्या खाली कुणी विचारत नाही, असं उस्ताद सांगायचे.

"पोरी वाईट नाहीत," ते म्हणायचे. "हत्यार वाईट आहे."

पुण्यात पहिल्या तिघींत आलं की पोलिसात खेळाडू म्हणून घेत. माझे वडील एस.टी.च्या वर्कशॉपला फिटर. आईने सांगून ठेवलं होतं, बारावीचा पेपर संपला की दुसऱ्या दिवसापासून पाहुणे. पहिल्या पाहुण्याचं गावही ठरलं होतं, जत. मला जतला जायचं नव्हतं. एवढंच होतं माझं सगळं. पुणे किंवा जत, आणि मध्ये ती पेटी.

उस्तादांची शिकवण एका वाक्यात सांगता येते. नळीच्या टोकाला लोखंडाचा एक बारीक उभा कोंब असतो, त्याला माशी म्हणतात. नजर माशीवर. निशाणावर नाही. डोळ्याला एका वेळी एकच गोष्ट स्पष्ट दिसते, जवळची किंवा लांबची. माशी स्वच्छ दिसली पाहिजे आणि पलीकडचं काळं वर्तुळ धुकट.

"निशाण स्पष्ट दिसलं की समजायचं, नेम चुकला," असं म्हणून ते मागून टपली मारायचे. "कुठं बघतेस? वर्तुळात काय नवरा बसलाय?"

दोन वर्षं रोज दोन तास मी एवढंच शिकले. समोर जे आहे ते धूसर ठेवायचं.

०

बागेत आम्ही पाचजण. पुढे दादासाहेब, पांढरा शर्ट, गॉगल. त्यांच्या मागे उस्ताद, तारेच्या दस्त्याची रायफल खांद्यावर घेऊन. मग आम्ही दोघी. शेवटी बिरा, बागेचा राखणदार, हातात लांब बांबू.

दादासाहेब डाळिंबं दाखवत चालले होते. अर्ध्याला भोक, दाणे उपसलेले.

"बघा. हरामखोर खारी. एका फळाला चार घास, की दुसऱ्यावर. बिरा, काल घरटी पाडली ना?"

"पाडली की मालक. लिंबावरची धा-बारा. बांबूनं."

"मग आज त्या पळापळ करत असतील. चांगलं आहे." मागे वळून ते उस्तादांना म्हणाले, "हवालदार, तुम्ही गप्प का?"

"साहेब, पोरी कार्डावरच्या आहेत. जिवंत कधी मारलेलं नाही."

"तेच तर बघायचंय. कार्डावर काय, कारकूनही भोकं पाडतो. कार्ड हलत नाही, कार्डाला जीव नाही. जिवंतावर हात कापला नाही, तर तो हात खरा. आमच्या वडिलांनी मला नवव्या वर्षी होला पाडायला लावला होता. रडलो होतो मी!" ते हसले. "एकदाच."

उस्तादांनी रायफल दुसऱ्या खांद्यावर घेतली. गोडाऊन दादासाहेबांचं होतं.

निलोफर माझ्या कानाशी आली. "मारल्यावर तिचं काय करायचं?"

"म्हणजे?"

"खाणार कोण?"

"खार कोण खातं गं, येडे?"

"तेच विचारते."

०

पहिली पाळी तिची, कारण तिचे तीनशे पंचेचाळीस.

बांधावर खार आली. मागच्या दोन पायांवर बसून पुढच्या दोन्ही हातांत दाणा धरून खात होती, भराभर, कुणी हिसकावून घेईल अशी. तेरा-चौदा पावलांवर. निलोफरने रायफल उचलली. तिची पोझिशन नेहमीच माझ्याहून चांगली. डावी कोपर बरगडीला टेकलेली, गाल दस्त्यावर, सगळं अंग एका जागी. श्वास अर्धा सोडला. थांबली.

थांबलीच.

मग नळी खाली केली.

"काय झालं?" दादासाहेब.

"नाही मारत."

"हात कापला?"

"हात नाही कापला. तिचे हात दिसले."

दादासाहेबांनी गॉगल काढला. "मुलाण्याची पोर ना तू? तुझ्या घरी रोज सुरी चालते. अख्ख्या गावाची बकरी तुझा बाप कापतो, आणि तू खारीला भितेस?"

"अब्बा कापतात ते चुलीवर जातं," निलोफर म्हणाली. "आणि आधी ते बघतात. गाभण आहे का, दुखणं आहे का. तोंड धरून डोळ्यात बघतात. मग कापतात. ही कोण खाणार?"

"कुत्री खातील."

"मग कुत्र्यांनाच मारू दे की."

बिरा फिसकन हसला आणि लगेच खोकला. उस्ताद ओरडले, "निलोफर! साहेबांशी बोलतेस तू!" पण त्या ओरडण्यात जोर नव्हता. तिने रायफल माझ्या हातात दिली, छर्रा भरलेली तशीच, नळी जमिनीकडे करून, नियमाप्रमाणे. आणि माझ्याकडे बघितलं. मी बघितलं नाही.

मी मनात म्हणत होते, ही गेली. आता बंदूक माझी.

०

माझी खार.

बागेच्या कडेला जुना लिंब होता. त्याच्या बुंध्यावरून ती खाली येत होती, डोकं खाली, थांबत थांबत. जमिनीपासून चार हातांवर ती पुन्हा थांबली. मी रायफल उचलली. गाल टेकला. माशी शोधली. माशीच्या डाव्या कडेला गंजाचा एक ठिपका होता, मोहरीएवढा. तो स्वच्छ दिसला, म्हणजे सगळं बरोबर होतं. पलीकडे बुंधा धुकट. बुंध्यावर एक करडा डाग, धुकट. डागाचा वरचा भाग जाड. जाड मानेची आहे, मला वाटलं, मोठी असेल. मोठी तर मोठी, सोपं पडेल. श्वास अर्धा सोडला. बोट घोड्यावर. जत. पुणे. गंजाचा ठिपका.

एअर रायफलचा आवाज मोठा नसतो. पुस्तक मिटल्यासारखा.

डाग बुंध्यावरून गेला.

०

"पाडली!" दादासाहेबांनी टाळ्या वाजवल्या. "बघा हवालदार! एक छर्रा!"

बिरा पुढे गेला, वाकला, आणि वाकलेलाच राहिला.

"काय रे?"

"मालक, पिल्लू हाय."

"कुठं?"

"तिच्या तोंडात. जितं हाय."

मी पुढे गेले तेव्हा निलोफर आधीच तिथे गुडघ्यांवर बसलेली. खारीने पिल्लाला पोटाच्या कातडीने धरलं होतं आणि पिल्लू तिच्या मानेभोवती गोल वळून, शेपटीसकट, चिकटून बसलं होतं. अंगावर केस नव्हते म्हटलं तरी चालेल. डोळे मिटलेले. आई मेली होती आणि दात अजून मिटलेले होते. निलोफरने तिचा जबडा दोन बोटांनी सोडवला. सावकाश, एक-एक दात.

"काल घरटं पाडलं ना," बिरा म्हणाला. "दुसरीकडं न्येत आसंल."

दादासाहेबही वाकून बघून गेले. "अरेरे," ते म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं, त्यांना खरंच वाटलं असेल, तेवढ्यापुरतं. मग म्हणाले, "पण डाळिंबं खाणारी एक कमी झाली. दोन म्हणा." आणि ते बाजेकडे वळले.

निलोफरने पिल्लू ओढणीच्या टोकात घेतलं आणि कुणाला न विचारता बागेतून चालू लागली. सहा मैल चालत गेली असणार. जीपमध्ये ती आमच्याबरोबर नव्हती.

दादासाहेबांनी रायफल माझ्या दोन्ही हातांवर ठेवली. जड होती, आणि ते जडपण सगळीकडे सारखं वाटलेलं, कुठे ओढत नव्हती. लाकूड गुळगुळीत, गार. मला आनंद झाला. इथे दुसरा एखादा शब्द घालता आला असता तर घातला असता. शोधला, सापडला नाही. आनंदच झाला.

उस्ताद जीपमध्ये माझ्या शेजारी बसले. वाटेत एकदाच बोलले.

"दिसलं नव्हतं तुला?"

"माशीकडं बघत होते उस्ताद."

त्यांनी मान हलवली. बराच वेळ हलवत राहिले. खड्ड्यांमुळे असेल.

०

ही गोष्ट मी नंतर कुणाकुणाला सांगितली:

वडिलांना. एवढीच की बंदूक मिळाली. त्यांनी वर्कशॉपमध्ये सगळ्यांना चहा पाजला.

आईला. काहीच नाही.

नवऱ्याला, लग्नाच्या तिसऱ्या वर्षी. खार होती, पिल्लू होतं, मला दिसलं नाही. तो म्हणाला, तुला कसं दिसणार, तुमचं शिक्षणच तसं. चांगला माणूस आहे.

पोलीस लाइनीतल्या मुलींना, ज्यांना मी आता शिकवते. निशाणाच्या मागे काय आहे ते आधी बघा, मग नेम धरा, याचं उदाहरण म्हणून. त्या वहीत लिहून घेतात.

डॉक्टरीणबाईंना, झोप येईना तेव्हा. त्यांनी विचारलं, डोळे मिटल्यावर काय दिसतं? मी म्हटलं, गंजाचा ठिपका. खार नाही दिसत? नाही. ती अजून धुकटच आहे. तिचं तोंड कसं होतं, डोळे उघडे होते का, मला सांगता येणार नाही. बाईंनी गोळ्या दिल्या.

कुणालाही सांगितलेलं खोटं नाही. हे ध्यानात घ्या. मला दिसलं नव्हतं.

०

पुणे. मार्च. चाळीस छर्रे.

असं वाटेल की तिथे माझा हात थरथरला. माझीही तीच अपेक्षा होती. आदल्या दिवशी मी देवाला म्हटलंसुद्धा की काय व्हायचं ते होऊ दे. काही झालं नाही. पहिला छर्रा दहा. दुसरा दहा. तिसरा नऊ. जर्मन रायफलीने माझं सगळं ऐकलं. तीनशे एकाहत्तर, तिसरा नंबर. दादासाहेब पेपरातल्या फोटोला माझ्या शेजारी उभे राहिले. पुढच्या वर्षी मी पोलिसात लागले. जतचे पाहुणे आलेच नाहीत.

निलोफर त्या रविवारनंतर गोडाऊनमधल्या रेंजवर आली नाही. उस्तादांनी दोनदा निरोप धाडला. तारेच्या दस्त्याची रायफल भिंतीला टेकून असायची, तिच्या जागेसमोर.

ती माझ्याहून चांगली होती. तीन गुणांनी नाही, त्याहून बरीच.

०

पुण्याहून परत आल्यावर मी पेढ्यांचा पुडा घेऊन मुलाणी गल्लीत गेले. दुपारची वेळ. निलोफर दारात बसून तांदूळ निवडत होती. मला बघून उठली, सूप बाजूला ठेवलं, ओढणीने पाट पुसून दिला.

"बस. पेपरात बघितलं तुला. केस विंचरायचे होते की जरा."

"वेळ कुठं मिळाला?"

"भोसेकर मात्र नटून आले होते," ती म्हणाली, आणि आम्ही दोघी हसलो. महिनाभराने. वाटलं, झालं, सुटलं.

मग तीच म्हणाली, मी विचारायच्या आधी, "अकरा दिवस जगलं."

मी पुड्याचा दोरा सोडत राहिले.

"कापसाच्या वातीनं दूध पाजत होते. अम्मी ओरडायची, घरात उंदीर आणलास म्हणून. पण रात्री उठून तीच बघून यायची. दहाव्या दिवशी डोळे उघडले गं. काळेभोर. एक दिवस बघितलं त्यानं सगळीकडं."

"रेंजवर का येत नाहीस?" मी विचारलं. "उस्ताद वाट बघतात. आता ती जर्मन रायफल क्लबलाच ठेवली आहे. तू पण मारशील तिच्यानं."

सुपातला एक खडा उचलून तिने बोटांत फिरवला.

"एक विचारू? खरं सांगशील?"

"विचार की."

"त्या दिवशी माझ्या हातात काही नव्हतं. नुसती बघत होते. म्हणून मला दिसलं, तिच्या तोंडात पिल्लू आहे. मी ओरडले. थांब म्हणून ओरडले." तिने माझ्याकडे बघितलं. "ऐकलं होतंस तू?"

मी पुड्याचा दोरा बोटाला गुंडाळत राहिले, तेव्हा तीच घाईने बोलू लागली, जणू मला उत्तर द्यायची अडचण होऊ नये.

"म्हणजे बघ, रेंजवर कुणी पण थांब म्हटलं, शेंबडं पोर का म्हणेना, तरी नळी खाली जाते. उस्तादसुद्धा थांबतात. ऐकून कुणी मारत नाही. तू तर नाहीच नाही. मग म्हटलं, माझाच आवाज पोचला नसंल. आणि तसं असेल तर मी कशी येऊ? उद्या एखादं पोरगं कार्ड बदलायला पुढं गेलं, मी थांब म्हटलं, आणि कुणाला ऐकूच गेलं नाही तर? असल्या बाईनं रेंजवर उभं राहू नये. म्हणून येत नाही. दुसरं काही नाही. तुझ्यावर राग नाही."

तिने दोन गोष्टी समोर ठेवल्या होत्या आणि त्यांतली वाईट आधीच स्वतःच्या पदरात घेतली होती. माझ्याकडून फक्त हो किंवा नाही पाहिजे होतं.

"थांब गं!" तिने म्हटलं होतं. दोन शब्द. मोकळ्या हवेत, माझ्यापासून चार पावलांवरून. पलीकडच्या बांधावरचे होले उडाले त्या आवाजाने. घोडा तेव्हा अर्धाच दाबलेला होता. आणि मला वाटलं: हिला जमलं नाही, म्हणून आता माझं बिघडवते. हिला बंदूक पाहिजे. हा विचार तुकड्यात आला नाही. सुरुवातीपासून शेवटापर्यंत आला, नीट, सावकाश. एवढा वेळ माझ्याकडे होता. तो पूर्ण झाल्यावर मी उरलेला अर्धा दाबला.

"नाही गं," मी म्हटलं. "काहीच ऐकू नाही आलं."

तिचे खांदे खाली आले.

"वाटलंच मला," ती म्हणाली. "घसाच बारीक आहे माझा. अब्बा पण म्हणतात, तुझी हाक उंबऱ्याबाहेर जात नाही."

"हो," मी म्हटलं. "बारीकच आहे."

ती हसली. मोकळी झाल्यासारखी, खरोखरची हसली. पुड्यातला पेढा घेऊन तिने मोडला, अर्धा स्वतः ठेवला आणि अर्धा माझ्या तोंडाशी धरला.

"घे, खा. तिसरी आलीस राज्यात."

मी तोंड उघडलं.